आपण कुठल्या थरात?

१२ जानेवारी जवळ आली की आमच्या शाळेत चार नावांची उजळणी सुरू होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली गेली. सोलापुरात चौघांचे पुतळे आहेत. सकाळी तिथं हार घातले जातात, भाषणं होतात. लगेच दोन दिवसांत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्यामुळे मुलांचं निम्मं लक्ष तोवर आकाशपाळण्याकडे गेलेलं असतं. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. गरज पडली की इतिहासाचा तासही घेते, त्यामुळे ही चार नावं माझ्या तोंडून त्यांना दोन्ही भाषांत ऐकावी लागतात.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने विचारलं, "आपा, पोलीस चौकी मंगळवार पेठेत जळली, फाशी येरवड्यात झाली. मग मधलं सगळं कुठं झालं?"

मधलं सगळं म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. १९३० च्या ५ मेला गांधीजींना अटक झाली. गिरणगाव असलेलं सोलापूर पेटलं. ८ मेला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. मंगळवार पेठेतल्या चौकीतले दोन पोलीस मारले गेले आणि न्यायालयाची इमारत जाळली गेली. पोलिसांनी शहर सोडलं आणि काही दिवस सोलापूरचा कारभार सोलापूरकरांनीच पाहिला. मग लष्कर आलं, मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणं हासुद्धा त्या दिवसांत गुन्हा होता. पुढे त्या दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला गेला.

हे सगळं मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. पण मुलाने 'कुठं' विचारलं तेव्हा लक्षात आलं, की मी तारखा सांगते, जागा सांगत नाही. मुलं ज्या रस्त्यावरून शाळेत येतात, त्याच रस्त्यावर हे घडलं, आणि ते त्यांना माहीत नाही. म्हणून नकाशा करायचं ठरलं. कागदावरचा नको, मोबाईलवर उघडेल असा हवा होता. शिवाय एकावर एक थर रचता येतील आणि हवा तो थर दाखवता किंवा झाकता येईल, असाही.

आधी गूगलच्या माय मॅप्सवर हात बसवला. सोपं आहे, पण तिथं दहाच थर मिळतात आणि मुलांना काम वाटून द्यायचं तर प्रत्येकाचं गूगल खातं लागतं. नववीच्या मुलांची खाती उघडायला मी तयार नव्हते. मग यूमॅप सापडलं. ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी २००४ पासून भरत आणलेला मोफत नकाशा आहे. त्याच्यावर आपले ठिपके, रेषा, रंग टाकायची सोय यूमॅप देतं. जाहिरात नाही, पैसे नाहीत. प्रत्येक थरापुढे डोळ्याचं एक चिन्ह असतं. त्यावर बोट ठेवलं की थर दिसतो, पुन्हा ठेवलं की नाहीसा होतो. हे डोळ्याचं चिन्ह ध्यानात ठेवा, पुढे तिथंच गाडी अडणार आहे.

सुरुवातीलाच फजिती झाली. मुलांनी चाळीसेक जागांचे अक्षांश-रेखांश तक्त्यात भरून आणले, मी तक्ता चढवला आणि नकाशावर सोलापूर रिकामं! ठिपके शोधत शोधत नकाशा लहान करत गेलो, तर सगळं सोलापूर नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार बेटांच्या दक्षिणेला बर्फाळ समुद्रात. मी दोन रकान्यांचे मथळे उलटे दिले होते. सोलापूरचा अक्षांश साधारण १७.६६ आणि रेखांश ७५.९१. उलटे टाकले की किल्ला, तलाव, गिरण्या सगळं ध्रुवाकडे. वर्ग दहा मिनिटं हसत होता. पण त्यानंतर अक्षांश म्हणजे काय आणि रेखांश म्हणजे काय, हे त्या वर्गाला पुन्हा शिकवावं लागलं नाही. भूगोलाच्या सरांनी याबद्दल माझे आभार मानायला हरकत नव्हती.

दुसरी अडचण हसण्यासारखी नव्हती. ओपनस्ट्रीटमॅप जमिनीवर ज्याचा ताबा असेल तशी सीमा दाखवतो. काश्मीरच्या बाबतीत ती आपल्या सरकारच्या नकाशाशी जुळत नाही. आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी देशाची सीमा छापणं भारतात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी म्हणेल, शाळेच्या नकाशावर कोण खटला भरतंय? बरोबर आहे. पण उर्दू शाळेतली हिजाब घालणारी बाई, तिने केलेला नकाशा आणि त्यात तुटका काश्मीर... एवढं चित्र एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला किती वेळ लागतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. यूमॅपमध्ये नकाशाची हद्द बांधून टाकता येते. मी ती बांधली. आमच्या नकाशात सोलापूर शहर आणि आजूबाजूचं थोडं रान दिसतं. त्यापलीकडे सरकताच येत नाही.

मग थर रचायला घेतले. सगळ्यांत तळाला पाणी आणि किल्ला. भुईकोट किल्ला बहमनी काळातला आहे, त्याच्या कुशीला सिद्धेश्वर तलाव. या किल्ल्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पिढ्यान् पिढ्या भांडली. चांदबीबी निजामशाहीतून आदिलशाहीत सून म्हणून गेली, तेव्हा हाच किल्ला आंदण दिला गेला आणि तरी भांडण मिटलं नाही. १६६८ च्या तहात तो मुघलांकडे गेला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने किल्ल्याच्या ठिपक्याखाली लिहिलं, 'ये किला जहेज में दिया गया था', आणि खाली रडका चेहरा काढला. चेहरा मी पुसला, वाक्य ठेवलं.

त्यावर सिद्धरामेश्वरांचा थर. बाराव्या शतकातल्या या योग्याने सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली असं मानतात. यात्रेत नंदीध्वज त्या सगळ्या लिंगांना फेरी घालतात. आमच्या पोरी-पोरांनी ती अडुसष्ट लिंगं शोधायला चार रविवार घालवले. काही देवळात आहेत, काही घराच्या पडवीत, काही दुकानाच्या मागे. बहुतेक ठिकाणी लोकांनी बोलावून दाखवली, चहा पाजला. ठिपके जोडून रेषा काढली तेव्हा जुन्या गावाचा आकारच समोर आला. कागद-शाई नसताना दरवर्षी पायांनी काढला जाणारा हा नकाशा आमच्या यूमॅपपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे.

वेशींचा थर छोटा आहे पण मला फार आवडतो. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस. तटबंदी गेली, दरवाजे गेले, नावं राहिली. रिक्षावाल्याला आजही 'विजापूर वेस' सांगितलं की तो विचारत नाही, वेस कुठाय. वाट ज्या गावाला जाते त्याचं नाव वेशीला, ही साधी गोष्ट मुलांना नकाशावरच कळली.

मग रेल्वे, १८६० च्या सुमाराची. तिच्या पाठोपाठ १८७० च्या दशकातली जुनी गिरणी आणि नंतरच्या गिरण्या: नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम. या थराखाली जुना नकाशा अंथरायचा होता. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे नकाशे काढले, ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सगळ्यांना खुले केले आहेत. त्यातलं सोलापूरचं पान घेतलं. असा जुना कागद आजच्या नकाशावर बसवायचा तर दोन्हीकडे न हललेल्या जागा शोधाव्या लागतात. रुळांचं वळण, तलावाचा काठ, नदीवरचा पूल अशा जागांना खिळे ठोकल्यासारखं करायचं, मग संगणक उरलेला कागद ताणून बसवतो. मॅप वार्पर नावाच्या मोफत साइटवर हे होतं आणि तिथला दुवा यूमॅपमध्ये पार्श्वभूमी म्हणून चिकटवता येतो. बसवला, तर एक सेंटीमीटरला अडीच किलोमीटर या मापात आख्खं सोलापूर अंगठ्याएवढं. रूळ दिसतात, रस्ते दिसतात. पेठा, बोळ, चाळी काही नाही. अमेरिकन लष्कराला आमच्या बोळांचं काय! त्यामुळे गिरण्यांच्या थराचं बरंचसं काम म्हाताऱ्या माणसांना विचारून करावं लागलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

या सगळ्या थरांबरोबर मी एक हिरवा थर केला होता. नाव दिलं 'मुस्लिम सोलापूर'. त्यात दर्गे, मशिदी, कब्रस्तानं, उर्दू शाळा, मोमीन विणकरांच्या वस्त्या. खरं सांगायचं तर हा थर करताना मला सगळ्यांत जास्त आनंद होत होता. आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकात स्वतःचं काही सापडत नाही, इथं सापडेल, असं वाटत होतं.

१९३० चा थर भरायची वेळ आली. त्या थराला लाल रंग होता. कुर्बान हुसेन यांचा ठिपका टाकायचा होता. गिरणी कामगारांत वावरणारा, वर्तमानपत्र चालवणारा, फासावर गेला तेव्हा जेमतेम विशीतला असलेला तरुण. माऊस एका मुलीच्या हातात होता. तिने विचारलं, "आपा, इन का नुक्ता लाल लेअर में डालूँ या हरे में?"

तुम्ही म्हणाल, दोन्हींत टाका. यूमॅपमध्ये एक ठिपका एकाच थरात राहतो. दोन्हींत हवा असेल तर त्याची नक्कल करून दुसरीकडे टाकायची, म्हणजे एकाच जागेवर दोन कुर्बान हुसेन, एक लाल, एक हिरवा. आम्ही करून पाहिलं. लाल ठिपका हिरव्याच्या खाली झाकला गेला.

मग मी मुलांना डोळ्याच्या चिन्हाशी खेळायला सांगितलं. ठिपका फक्त हिरव्या थरात ठेवून हिरवा थर बंद केला. १९३० च्या सोलापुरात तीन हुतात्मे उरले. आता उलटं केलं, फक्त हिरवा चालू, बाकी सगळे बंद. शहरात गिरणी नाही, रेल्वे नाही, सत्याग्रह नाही. मुसलमान आहेत, ते नमाज पढतात आणि मेल्यावर पुरले जातात. त्यापलीकडे त्यांनी या शहरात काही केलेलं दिसत नाही. आमच्याबद्दल बाहेर जी समजूत आहे, ती मी माझ्या हाताने, हौसेने, हिरव्या रंगात काढून ठेवली होती.

त्या रात्री घरी हे बोलले तेव्हा आमचे मामू वेगळंच म्हणाले. मामूंना संगणक येत नाही, पण त्यांनी मुद्द्याला हात घातला. "बेटा, एक बटन दाबलं की सगळे आपलेच तेवढे वेगळे निघतात, अशी यादी तूच करून देते का?" मी म्हटलं, मशिदी तर सगळ्यांना दिसतातच, लपवायचं काय त्यात. ते म्हणाले, "दिखना अलग, और गिन के रखना अलग."

मला आम्स्टरडॅमचा नकाशा आठवला. १९४१ साली, जर्मनांच्या ताब्यात असताना, तिथल्या नगरपालिकेने शहरातल्या ज्यूंचा नकाशा करून दिला. एक काळा ठिपका म्हणजे दहा ज्यू. मोठ्या सुबक हाताने काढलेला, एकाच थराचा नकाशा. काढणारे कारकून होते, त्यांनी त्यांचं काम नीट केलं. पुढे १९४३ मध्ये प्रतिकार करणाऱ्यांनी तिथल्या नोंदणी कार्यालयाला आग लावली, कारण याद्याच माणसं मारत होत्या हे त्यांना कळलं होतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. सोलापुरात 'सेटलमेंट' म्हणून भाग आहे. नाव अजून चालतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. अशा माणसांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांतली एक मोठी वसाहत सोलापूरची. माणसं दिवसा गिरणीत राबायची आणि हजेरीला कुंपणात परत यायची. कायदा रद्द होऊन ती माणसं विमुक्त झाली ती १९५२ च्या ३१ ऑगस्टला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. एका जमातीला एक रंग देऊन तिच्याभोवती रेषा काढण्याचा हा प्रयोग माझ्या शाळेपासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर झाला आहे. आमच्या नकाशात सेटलमेंट मी गिरण्यांच्या थरात टाकली होती, आणि टाकताना यातलं काही मनात आलं नव्हतं. दुसऱ्याचं कुंपण असलं की तो साधा ठिपका असतो!

माझा विचार पक्का व्हायला आणखी एका माणसाची मदत झाली. मुलांना भारताच्या सर्वेक्षणाची गोष्ट सांगत होते. १८०२ मध्ये मद्रासहून लॅम्बटनने साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन देश मोजायला सुरुवात केली. मोजत मोजत तो विदर्भात पोहोचला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, तिथंच पुरला गेला. त्याच्यानंतर एव्हरेस्ट आला, शिखराला नाव मिळालेला तोच. या मोजणीची किमती यंत्रं बिघडली की दुरुस्त कोण करायचं? अर्काटचा एक कारागीर, सय्यद मीर मोहसीन हुसेन. इंग्लंडहून आणलेला यंत्रकार निघून गेल्यावर त्याच्या जागी याच माणसाला घ्या, म्हणून एव्हरेस्टने आग्रह धरला. हिमालयापर्यंतची मोजणी ज्या यंत्रांनी झाली, ती त्याच्या हाताखालून गेलेली. मी मुलांना विचारलं, याला कुठल्या थरात टाकाल? वर्गाने एका सुरात सांगितलं, "सर्व्हे में, आपा, और कहाँ?" त्यात त्यांना कोडं वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी हिरवा थर मोडला. पुसला नाही, वाटून टाकला. मोमीन विणकर मागांच्या थरात गेले, जिथं पद्मशाली आधीपासून होते. उर्दू शाळा शाळांच्या थरात, मराठी, कन्नड, तेलुगू शाळांशेजारी. दर्गे आणि मशिदी ज्या काळातल्या त्या काळाच्या थरात, देवळांबरोबर. कुर्बान हुसेन १९३० मध्ये, चौघांतले एक म्हणून. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं की चौकट उघडते, त्यात मराठी आणि उर्दू दोन्हींत चार ओळी. ज्याला वाचायचं त्याला सगळं कळतं. पण एका बटणाने आम्ही वेगळे निघत नाही.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. आमच्याच शाळेतल्या एका मैत्रिणीने मला चांगलं झापलं. "तू आपलं नाव काढून टाकलंस. आता ज्याला सोलापूरच्या मुसलमानांचा इतिहास शोधायचाय, त्याने दोनशे ठिपके उघडून बघायचे का? बाकीचे लोक आपापले थर अभिमानाने मिरवतात, आणि आपणच विरघळून जायचं?" तिचं म्हणणं खोटं नाही. सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं एका थरात आहेतच ना? मी म्हटलं, तो एका फेरीचा थर आहे, माणसांचा नाही. ती म्हणाली, हे तुझं शब्दांचं खेळणं आहे. यावर आमचं भांडण अजून चालू आहे, आणि डबा मात्र आम्ही रोज एकत्रच खातो. तिच्या आग्रहाने मी एवढं केलं आहे, की मोहर्रमच्या पंजांचा जुना मार्ग एक रेषा म्हणून काढायचा. तो नंदीध्वजांच्या रेषेला कुठं कुठं छेदतो, हे पाहायची मलाही उत्सुकता आहे. काम या सुट्टीत करायचं आहे.

नकाशा तयार झाला तेव्हा अब्बांना दाखवला. अब्बांची उमर गिरणीत गेली. गिरणी बंद पडून आता कितीतरी वर्षं झाली, तरी पहाटे भोंग्याच्या वेळेला ते उठून बसतात. चष्मा वर-खाली करत त्यांनी बराच वेळ पडदा पाहिला. किल्ला, तलाव, वेशी यांच्यावरून नजर फिरवली, काही बोलले नाहीत. मग गिरण्यांच्या थरावर आले.

"ये गेट किसने डाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मुलांनी. शेजारच्या चाळीतल्या एका चाचांना विचारून.

"वो रात पाली में कब था? उसको क्या मालूम." त्यांनी बोट ठिपक्यावर ठेवलं, तो हलतो का ते पाहिलं. हलला. हळूच ओढत त्यांनी गेट रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं, थांबले, परत थोडं मागे आणलं. मग म्हणाले, "यहाँ. यहाँ चाय की टपरी थी, वो भी लिख."